काक्षीची तब्येत
मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला हवापालट सुचवणारे पुष्कळ भेटतात. गच्चीवर जाऊन तारे बघा, असं कुणी म्हणत नाही. केमोनंतरच्या हिवाळ्यात वाचनात मन लागेना, टीव्ही नकोसा झाला, तेव्हा मी कानटोपी घालून मृगातल्या काक्षी या तांबूस ताऱ्याची रोहिणीशी तुलना करू लागलो आणि कोण किती तेजस्वी, ते वहीत टिपू लागलो. अफाट विश्वापुढे आपण क्षुद्र वगैरे ऐकवू नका. ते वॉर्डातच कळलेलं असतं. बरं वाटतं ते स्वतःची सोडून दुसऱ्या कुणाची तरी तब्येत विचारायला मिळते म्हणून. काक्षीची तर विचारावीच लागते. २०१९च्या अखेरीस ती मंदावत गेली, फेब्रुवारी २०२०मध्ये रोहिणीपुढे फिकी दिसली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा उजळली. तिनेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन आड आली, असं संशोधक सांगतात. अशा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या हौशी नोंदी शास्त्रज्ञ खरोखर वापरतात, आणि काक्षीसाठी दुर्बीणही लागत नाही. डिसेंबर ते मार्च संध्याकाळी मृग दिसतोच. यंदा कुणा आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळ्यासोबत नक्षत्रांचा नकाशाही न्या.