एक नदी, एक गाव

दिवाळी झाली की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये सहलींचे बेत शिजू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यात क्रूझची भर पडली आहे. पहाटे गाडी काढून मुंबईचं बॅलार्ड पियर गाठायचं, जहाजात बसायचं आणि गोवा किंवा कोची करून परत यायचं. भिशीतल्या मैत्रिणी जातात, ज्येष्ठ नागरिक संघ जातात, लग्नाच्या पन्नाशीला मुलं आईवडिलांना पाठवतात. बुकिंग झालं की एक यादी हाती येते. जहाज बंदराला लागेल त्या दिवशी किनाऱ्यावर काय पाहायचं, त्याची ती यादी. कुठली सहल घ्यावी, असं शेजारपाजारचे लोक मला हल्ली बऱ्याचदा विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्या सहलीत एकच नदी आणि एकच गाव असेल, ती घ्या.

असं का, ते सांगतो. जहाज सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणार असेल, तर कागदावर दहा तास दिसतात. प्रत्यक्षात उतरायच्या रांगेत आणि गाडी सुटेपर्यंत तास जातो. परतीला जहाज सुटण्याच्या किमान तासभर आधी बंदरावर हजर असलेलं बरं. राहिले आठ. गोव्यात जहाज मुरगावला लागतं. तिथून कुठ्ठाळी, जुवारीचा पूल करत जुने गोवे तीसएक किलोमीटर आहे. जाऊन येऊन दोन-अडीच तास गेले, जेवणाला एक. उरलेल्या साडेचार-पाच तासांत ‘दोन चर्च, मंगेशी, मसाल्याची बाग, पणजीचा बाजार आणि नदीची सफर’ बसवायची म्हटलं, तर प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतंच उभं राहता येतं आणि दिवस बसच्या खिडकीत संपतो.

त्याऐवजी दिवाडी बेटाचा विचार करा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट निघते आणि काही मिनिटांत मांडवी ओलांडून पलीकडे टेकते. या बोटीत गाड्या थेट चढतात, त्यामुळे चढउतार सपाट फळीवरून होते. गुडघे दुखणाऱ्यांना याचं मोल कळेल, कारण लहान होडीत पाय खाली टाकून उतरावं लागतं आणि तिथेच आजी-आजोबा अडतात. बेटावर पिएदाद गावाच्या टेकडीवर चर्च आहे, खाली शेतं आहेत, जुनी कौलारू घरं आहेत. मराठी माणसाला या बेटावर आणखी एक धागा सापडतो. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं, तेव्हा भक्तांनी देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. ही हकिकत पुस्तकात वाचणं वेगळं आणि देव ज्या पाण्यावरून गेला ते पाणी समोर ठेवून ऐकणं वेगळं.

दिवाडीला आणि शेजारच्या चोडण बेटावर खाजन जमीन पाहायला मिळते. नदीला समुद्राची भरती लागते, म्हणून शेताभोवती मातीचे बांध घातलेले असतात आणि बांधात लाकडी दारं असतात. स्थानिक लोक त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार मिटतं आणि खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीला दार उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं. त्याच दारापाशी जाळं लावून मासळी धरतात. विजेची मोटर नाही, पंप नाही. शेकडो वर्षं गावाने हे बांध मिळून राखले आहेत. हे दार समजावून सांगणारा गावातला माणूस भेटला, तर त्या एका तासात गोवा जेवढा कळतो, तेवढा दिवसभर बसमध्ये बसून कळत नाही. चोडणला खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या चिंचोळ्या पाणवाटांत होडी भरतीलाच नीट शिरते. म्हणून सहल घेताना त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे आधी विचारा.

कोचीला हाच हिशेब लावा. यादीत सगळ्यात ठळक असते ती अलप्पुझाची हाऊसबोट. ती सुंदर असते, यात शंका नाही. पण बंदरापासून पन्नासएक किलोमीटर दूर, म्हणजे गर्दी नसेल तरी एका बाजूने दीड तास. कोचीच्या जवळच कुंबळंगी नावाचं गाव बॅकवॉटरने वेढलेलं आहे. 2003 साली तिथे गावकऱ्यांना सोबत घेऊन ग्रामपर्यटन सुरू झालं. चिनी जाळी पाण्यात कशी उतरतात, काथ्या कसा वळतात, खेकडे कसे वाढवतात, हे तिथे करणारे हातच दाखवतात. तिथल्या पोक्काळी शेतीचं चक्रही समजून घेण्यासारखं आहे. पावसाने जमिनीतला खार धुतला गेला की खारं पाणी सोसणारा भात लावतात. कापणी झाली की त्याच शेतात खारं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर हिरवं भातशेत दिसणार नाही, पाणी आणि जाळी दिसतील. हे आधी ठाऊक असलं की हिरमोड होत नाही, उलट नजर योग्य गोष्टीकडे जाते.

यादीतल्या ‘रिव्हर क्रूझ’ या शब्दांवर मात्र सरसकट भुलू नका. पणजीला संध्याकाळी मांडवीवर निघणाऱ्या मोठ्या बोटींवर गाणी आणि नाच असतो. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर जावं. पण गाणी, नाच, रोषणाई आपल्या जहाजावर रात्रभर असतेच. किनाऱ्यावरचे मोजके तास जहाजावर जे मिळत नाही त्यासाठी राखावेत, असं मला मनापासून वाटतं.

यामागे माझी एक भावनाही आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात कोकणातला माणूस आगबोटीने गावी जायचा. बोट खोल पाण्यात थांबायची, माणसं पडावात उतरायची आणि खाडीतून आपापल्या गावाला लागायची. दाभोळला उतरून वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत पाण्यानेच जाणारे चिपळूणकर होते. बोटीचा प्रवास तेव्हा गावासाठी होता. नदी ही गावाची वाट होती. आज आपण जहाजातून जातो तेव्हा गाव वाटेवरून मागे सरकून यादीतला एक पर्याय झालं आहे. आणि पुण्यात आपण नदी पाहतो ती पुलावरून, सिग्नल सुटेपर्यंत. ज्या गावाचं जेवण, शेती, येणंजाणं अजून नदीवर चालतं, ते आपल्या नातवंडांना दाखवण्याची संधी एका दिवसासाठी समोर येते. ती बाजारात वाया घालवू नये.

सहल नक्की करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्या. एका गटात किती माणसं? चाळीस माणसं गावातल्या एका अंगणात मावत नाहीत आणि मागच्यांना काही ऐकूही येत नाही. गाव दाखवणारा माणूस गावचा आहे का? जेवण गावातल्या घरी की हमरस्त्यावरच्या हॉटेलात? गावात जेवलात, गावची होडी घेतलीत, गावच्या बाईने वळलेला काथ्या विकत घेतलात, तर तुमच्या पैशांतला काही भाग तिथे राहतो. नाहीतर गावाच्या वाट्याला फक्त आपली वर्दळ येते. शाकाहारी असाल तर आधी कळवा. किनाऱ्यावरच्या घरात ऐनवेळी वेगळा स्वयंपाक करायला लावणं बरोबर नाही.

स्वतः टॅक्सी करून जाणं स्वस्त पडतं, मोकळंही वाटतं. पण एक लक्षात ठेवा. जहाजाच्या यादीतली सहल रस्त्यात अडकली तर जहाज शक्यतो तिची वाट पाहतं किंवा माणसांची सोय करतं. स्वतंत्र गेलेल्यासाठी जहाज थांबत नाही. दिवाडी आणि कुंबळंगी दोन्ही स्वतंत्र जाण्याइतपत जवळ आहेत. मात्र फेरीबोटीला रांग लागू शकते, म्हणून घड्याळ दोन तास पुढे धरून परत फिरा. फोटो असलेलं ओळखपत्र आणि केबिनचं कार्ड खिशात असू द्या.

आणि गावात शिरल्यावर ते कुणाचं तरी घर आहे, हे विसरू नका. पायरीवर बसलेल्या आजींचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. देवळात आणि चर्चमध्ये तिथल्या रीतीने जा. पाण्याची रिकामी बाटली जहाजावर परत आणा, खाजनाच्या बांधावर टाकू नका.

तुमच्या यादीत अशी सहल नसेल, तर ती मागा. पुण्यातून गट करून जाणारे लोक बुकिंगच्या वेळीच आयोजकाला एकत्र सांगू शकतात की आम्हाला चार ठिकाणं नकोत. एक नदी, एक गाव आणि पुरेसा वेळ द्या. गिऱ्हाईक मागतं तेच यादीत येतं. या हंगामात जाणार असाल तर एवढं नक्की करा.