ओंडके फोडायचे कशानं?

कोकणात गॅस घरोघरी पोचला, तरी न्हाणीतली चूल विझलेली नाही. चहा-भाजी सिलिंडरवर आणि आंघोळीचं पाणी लाकडावर, ही वाटणी कितीतरी घरांनी आपापल्या हिशेबानं पक्की केली आहे. आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तिथं छपरावरच्या सोलरचा भरवसा कोण धरणार? म्हणून मृग लागायच्या आत पावसाळ्याचं जळण पडवीत रचून झालेलं असलं पाहिजे, हा नेम अजून चालू आहे. अडचण झाली आहे ती जळण फोडणाऱ्या हातांची. मुलगे मुंबई-पुण्याला, घरात साठी-सत्तरीची दोघंच, आणि पूर्वी रोजावर येऊन अंगणभर ओंडके फोडून देणारी माणसं एक तर थकली, नाहीतर दुसऱ्या कामाला लागली.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं ही अडचण एका दिवसात उघडी पाडली. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात आज्या-पणज्यांनी लावलेले आंबे-फणस मुळासकट आडवे झाले. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. पडलेली झाडं कापायला चेनसॉ होती. पण चेनसॉ बुंध्याचे आडवे तुकडे करते. तो तुकडा उभा फोडायचा कुणी, हा प्रश्न उरतोच. जुन्या आंब्याच्या बुंध्याचे जात्याएवढे गोल तुकडे कितीतरी परसांत तसेच पडून राहिले आणि वाळवीनं खाल्ले. अशा घरांतून आता विचारणा होते, की लाकूड फोडायचं यंत्र घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं.

आमचं मत आधीच सांगतो. एका घरानं एक यंत्र घ्यावं, अशी परिस्थिती फार थोड्या घरांत असते. वाडीनं मिळून एक घ्यावं, अशी बहुतेक वाड्यांत आहे. मात्र या मतावर येण्याआधी यंत्राची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही.

हायड्रॉलिक यंत्राचं काम समजायला सोपं आहे. पंप तेलाला दाब देतो, तेल सिलिंडरमधला दट्ट्या पुढं ढकलतं आणि दट्ट्या ओंडक्याला पोलादी पाचरीवर रेटतो. झटका नाही, नेम चुकण्याची भीती नाही, खांद्याला हिसका नाही. कुऱ्हाड उचलणं ज्याला डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं आहे, असा माणूसही सावकाश फोडत राहू शकतो. गाठीचा ओंडका कुऱ्हाडीला दाद देत नाही, पण पुरेशा दाबापुढं तो फाटतो. म्हातारपणी दुसऱ्याच्या तोंडाकडं न बघता आपलं जळण आपण करता येणं, याची किंमत पैशात करू नये. यंत्राला फाजील लाड म्हणणाऱ्यांनी मेच्या उन्हात गाठाळ फणसाशी झगडणारा सत्तरीचा माणूस एकदा पाहावा.

विकणारा मात्र टनांची भाषा बोलतो, आणि तिथं सावध राहावं. टनांचा आकडा पडताळायला कागद-पेन्सिल पुरते. सिलिंडरचा आतला व्यास दहा सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरतं. पंपाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १८० किलो असेल तर गुणाकार येतो १४,१३० किलो, म्हणजे चौदा टन. त्याच दाबावर वीस टन हवे असतील तर आतला व्यास बारा सेंटिमीटरच्या आसपास लागतो. यंत्रावर वीस टन रंगवलेलं आणि सिलिंडर मनगटापेक्षा थोडा जाड, असं दिसलं तर पंपाचा दाब किती हे विचारावं, आणि उत्तर कागदावर घ्यावं. दुसरा प्रश्न वेळेचा: दट्ट्या पुढं जाऊन परत यायला किती सेकंद लागतात? चांगल्या यंत्रात दुहेरी पंप असतो. लाकडाचा अडथळा लागेपर्यंत तो तेल भराभर सोडतो, अडथळा लागला की वेग कमी करून दाब वाढवतो. एकेरी पंपाचं यंत्र दिवसभर चालवणाऱ्याला हा फरक पहिल्या तासातच कळतो.

घरगुती विजेवर चालणारं पाच-सात टनांचं यंत्र पहिल्या नजरेत भावतं. वजन पन्नास किलोच्या आसपास, आवाज बेताचा, धूर नाही. पण त्याची मोटर दीड-दोन किलोवॉटची. म्हणजे आठ-दहा अँपिअरचा भार, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्याला सोळा अँपिअरचा प्लग आणि जाड वायर हवी; बल्बसाठी ओढलेल्या बारीक वायरीवर ते लावलं की वायर तापते आणि मोटर कण्हते. त्यातून गावाकडचा व्होल्टेज. २३० च्या जागी १८० मिळाला तर अशा मोटरीचा जोर साधारण साठ टक्क्यांवर येतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. कागदावरचे सात टन तेव्हा काजूची फांदी फोडतील. आंब्याच्या बुंध्यात पाचर अर्ध्यावर अडकेल. आणि वादळानंतर, जेव्हा लाकूड सर्वांत जास्त पडलेलं असतं, तेव्हा वीज नसते. निसर्गनंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

पेट्रोल इंजिनावरचं यंत्र ही उणीव भरून काढतं. त्याचे वीस-पंचवीस टन खरे असतील तर आंबा, फणस, ऐन, किंजळ, कशालाही ते हटत नाही. अशी बहुतेक यंत्रं उभीही करता येतात, म्हणजे जड तुकडा उचलायचा नाही, लोळवत आणून पाचरीखाली सारायचा. कंबर सांभाळायची असेल तर टनांपेक्षा ही सोय जास्त मोलाची आहे, आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडंच सर्वांत कमी लक्ष जातं. पण वजन दोनशे किलोंच्या घरात. चाकं असली तरी ती सपाट रस्त्याची. आपली घरं पाखाडीच्या वर-खाली. जांभ्याच्या पायऱ्यांवरून हे यंत्र चढवायला चार माणसं लागतात, आणि चार माणसं मिळती तर यंत्राचा विचारच कशाला केला असता!

याहून मोठी अडचण लांबीची आहे, आणि तिचा विचार फारसा कुणी करत नाही. ही यंत्रं बनली ती थंड देशांतल्या बंद शेगड्यांसाठी. छोट्या यंत्रात पन्नास सेंटिमीटरच्या आसपास लांबीचाच तुकडा मावतो, आणि तोही दोन्ही टोकांना सरळ कापलेला लागतो. तिरका कापला तर दट्ट्याखालून निसटतो. आपल्या न्हाणीतल्या चुलीत तीन-तीन फूट लांब फाटी लावतात आणि जळेल तशी आत सारतात. कुऱ्हाड आणि पाचरीनं ते लांब लाकूड तसंच फोडता येतं. यंत्र आणलं की त्याच लाकडाला चेनसॉचे दुप्पट काप, दुप्पट पेट्रोल. बंबाची गोष्ट उलटी. तांब्या-पितळेच्या बंबाच्या मधल्या नळकांड्यात वरून जळण सोडायचं, तिथं दोन बोटं जाडीच्या ढलप्या लागतात. यंत्र एका ओंडक्याचे चार किंवा सहा भाग झटपट करतं, पण त्यांच्या ढलप्या करायला प्रत्येक तुकडा पुन्हापुन्हा पाचरीसमोर ठेवावा लागतो. ते काम कोयता निम्म्या वेळात करतो. म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकाआधी आपल्या घरी काय पेटतं, चूल की बंब, ते पाहावं.

स्क्रूच्या शंकूच्या यंत्राबद्दल मात्र आम्ही दोन्ही बाजू मांडणार नाही. मोटरीला जोडलेला आटेदार शंकू गरगर फिरतो, लाकडात शिरतो आणि ते फाडतो. स्वस्त आहे, कुठलाही वर्कशॉपवाला बनवून देतो. पण लाकूड फाटण्याऐवजी शंकूबरोबर फिरू लागलं तर ते धरणाऱ्या हाताला घेऊन फिरतं. लुंगी, साडीचा पदर, खांद्यावरचा पंचा यांतलं काहीही त्या आट्यात अडकलं तर मोटर बंद करायला वेळ मिळत नाही. आपल्या अंगणात माणसं याच कपड्यांत काम करतात. हे यंत्र घेऊ नये.

हायड्रॉलिक यंत्र त्या मानानं सावकाश आणि सुरक्षित, पण तेही दोन्ही हात मागतं. दोन हातांनी दोन दांडे दाबल्याशिवाय दट्ट्या हलू नये, अशी रचना छोट्या विजेच्या यंत्रांत मुद्दाम केलेली असते. एका हाताला मोकळीक हवी म्हणून एक दांडा तारेनं बांधून टाकला, की पाचरीसमोर बोटं यायला वाट मोकळी झाली. दोघं मिळून काम करताना, एक लाकूड धरतोय आणि दुसरा दांडा ओढतोय, तिथंच बोटं जातात. यंत्राशी एकच माणूस, बाकीचे चार हात लांब. चपला काढून बूट घालायचे. तेलाची नळी झिरपत असेल तर गळती बोटानं चाचपायची नाही. बारीक भोकातून दाबाखाली निघालेलं तेल कातडीतून आत शिरतं आणि त्यासाठी लगेच दवाखाना गाठावा लागतो. पुठ्ठा फिरवून बघायचं.

आता कुऱ्हाडीची बाजू. तिच्याबद्दलची तक्रार बरेचदा चुकीच्या कुऱ्हाडीची तक्रार असते. घरात असते ती झाड तोडायची, पातळ पात्याची. ती लाकडात रुतून बसते. फोडायला जाड पोटाची, तीन किलोंच्या आसपास वजनाची हवी, जी आत शिरता शिरता लाकूड दोन्हीकडं लोटते. बरोबर दोन लोखंडी पाचरी आणि एक घण. लोहाराकडून हे सगळं करून घेतलं, दांडा तिवशाचा बसवला, तरी यंत्राच्या तुलनेत खर्च किरकोळ. आणि पद्धत: मोठ्या गोलाच्या मध्यावर घाव घालायचा नाही, कडेकडेनं फाकी काढत आत यायचं. टोकाला आधीच गेलेली चीर शोधायची आणि तिच्याच रेषेत मारायचं. जुन्या टायरात तुकडा उभा केला की फाकी अंगणभर उडत नाहीत, दर घावाला वाकावं लागत नाही.

त्याहीपेक्षा महत्त्वाचा आहे तो हंगाम. सुरू, निलगिरी, अकेशिया ही लाकडं ओली असतानाच फुटतात. सुकली की निलगिरीचा पीळ कुऱ्हाड परतवतो. आपण बहुधा उलटं करतो: दिवाळीनंतर तोडतो, ओंडके तसेच टाकून ठेवतो, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात, पाऊस तोंडावर आल्यावर फोडायला माणूस शोधत फिरतो. तोपर्यंत लाकूड बाहेरून कडक आणि आतून ओलंच असतं, कारण साल पाणी सोडत नाही. पाणी जातं ते कापलेल्या टोकातून आणि फोडलेल्या अंगातून. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. डिसेंबर-जानेवारीत तोडून लगेच फोडलं, तर मेपर्यंत ते वीस टक्क्यांच्या आसपास येतं. ते कमी धूर करतं आणि त्याच हंड्याला कमी लागतं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी करायचा असेल तर वेळेवर फोडणं हा हाताशी असलेला उपाय आहे, मग फोडणारी कुऱ्हाड असो की यंत्र.

एक भीतीही बोलून दाखवली पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. यंत्रावर पैसे घातले की ते वसूल करायला लाकूड विकावंसं वाटणार, आणि पडलेलं झाड संपलं की उभ्याकडं नजर जाणार. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, ऐन, किंजळ, खैर आहेत. परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही, मालकीच्या जागेतही नाही. तरीही हा यंत्राविरुद्धचा निर्णायक मुद्दा आहे असं आम्हाला वाटत नाही. जंगल तोडायला चेनसॉ पुरेशी होती आणि आहे. फोडायचं यंत्र त्यात फार भर घालणार नाही. घरगुती यंत्रावर खर्च करताना मात्र हा मोह लक्षात ठेवावा, म्हणून सांगितलं.

हे सगळं पाहिलं तर निवड घराच्या माणसांवर येते. घरात पन्नाशीच्या आतलं एक माणूस असेल आणि जळण फक्त पाणी तापवण्यापुरतं, तर चांगली कुऱ्हाड, दोन पाचरी, आणि डिसेंबरात सुरुवात. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांना, व्होल्टेज ठीक असेल आणि लाकूड काजू-अकेशियाचं असेल, तर विजेचं छोटं यंत्र जरूर घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वीज नको असेल तर हातपंपाचं हायड्रॉलिक यंत्रही मिळतं. संथ चालतं, पण रोज चार ओंडके फोडणाऱ्याला घाई नसते.

मोठं, इंजिनाचं यंत्र मात्र वाडीचं असावं. भात झोडायचं यंत्र आणि पॉवर टिलर आपण तासाच्या भाड्यानं वापरतोच. गावाच्या अवजार बँकेत किंवा बचत गटाकडं एक उभं करता येणारं यंत्र असावं, आणि त्याच्याबरोबर ते चालवणारा एकच ठरलेला माणूस, म्हणजे बोटांची काळजी आणि तेलाची निगा दोन्ही राहतील. सामायिक वस्तूची जबाबदारी कुणाचीच नसते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून भाड्यातला दुरुस्तीचा वाटा पहिल्या दिवसापासून वेगळा काढावा. सगळ्यांना ते मे महिन्यातच हवं असतं, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर पाळीचं: जानेवारी ते मार्चच्या तारखा दिवाळीतच लावायच्या, तेव्हा मुंबईकर मुलगेही घरी असतात. यंत्र पाखाडी चढणार नाही, तेव्हा ओंडके गाडीरस्त्यापर्यंत आणून ठेवायचं काम ज्याचं त्यानं करावं, आणि ज्या घरात ते करायला कुणी नाही तिथं वाडीतल्या पोरांनी.