राजकन्येचं ‘नाही’ कुणी ऐकलं?

व्हिडिओ गेमवरून काढलेल्या सिनेमावर आपल्या अंकात कशाला लिहायचं, असं काही जणींना वाटेल. पाणी, रेशन, दारूबंदी, मारहाणीच्या केसेस सोडून हा काय पोरखेळ? पण आपल्या मुली काय बघतात ते आपण नाही बघायचं, तर कुणी बघायचं? शिवाय मी या खेळाची जुनी चाहती आहे. चाहत्यालाच भांडायचा हक्क जास्त असतो.

सिनेमाचं नाव ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’. २०२३ च्या एप्रिलमध्ये आला, जगभरात एक अब्ज डॉलरहून जास्त धंदा करून गेला. आमच्या शहापूरच्या किशोरी गटातल्या मुलींनी तो मोबाइलवर पाहिला, एका फोनभोवती नऊ-दहा डोकी. इंग्रजी बोलणं मी मधूनमधून सांगत होते, पण फारसं सांगावं लागलं नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली हा खेळ काढला. मारिओ हा मिशीवाला प्लंबर. पाठीवर कासवाचं कवच असलेला बाउझर नावाचा राक्षस राजकन्येला पळवतो आणि मारिओ तिला सोडवायला निघतो. नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्रांच्या ‘कॅसेटी’ आपल्याकडे आल्या, त्यांतून तो शहापुरापर्यंत पोचला. जीव मुठीत धरून एक किल्ला सर करायचा, तर तिथे कळायचं की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. असं सात वेळा. आठव्या किल्ल्यात ती भेटते, आभार मानते आणि खेळ संपतो. तिला एवढंच काम. आम्ही मुलीसुद्धा खेळताना मारिओच व्हायचो, दुसरं कोण होणार? तेही भावाचा डाव संपल्यावर, आणि तोवर लाइट गेली नाही तर.

आजीच्या गोष्टीतली, राक्षसाने सात समुद्रांपलीकडे कोंडलेली राजकन्या याहून बरी. ती निदान राक्षसाला गोड बोलून त्याचा प्राण कुठल्या पोपटात आहे ते काढून घ्यायची. या खेळातल्या राजकन्येला तेवढीही अक्कल दिलेली नव्हती. पुढे २००५ साली तिच्या एकटीच्या नावाचा खेळ काढला, तर त्यात तिची शक्ती म्हणजे आनंद, रडणं, चिडणं आणि शांत होणं! रडून पाण्याच्या धारा सोडायच्या आणि पुढे जायचं. बाई लढणार म्हणजे रडणारच, ही समजूत जपानपासून मुरबाडपर्यंत सारखीच.

म्हणून २०२३ चा सिनेमा बघताना मला खरंच आनंद झाला. इथे राक्षसाच्या तावडीत सापडतो तो मारिओचा भाऊ लुइजी. राजकन्या पीच राज्य चालवते. लढाई कशी करायची हे तीच मारिओला शिकवते, शेजारच्या माकडांच्या राज्यात जाऊन फौजेची मदत मागते, मोटरसायकल पळवते. मुली टाळ्या वाजवत होत्या. लारा क्रॉफ्टच्या २००१ च्या सिनेमातही बाईच्या हातात बंदुका होत्या, पण कॅमेऱ्याचा डोळा बंदुकांवर कमी आणि तिच्या अंगावर जास्त. पीचच्या बाबतीत तसं नाही.

मध्येच एक गंमत सांगते. मारिओ आणि लुइजी एका भल्यामोठ्या पाइपातून जादूच्या राज्यात पोचतात. आमच्या मुलींना तो पाइप बघून हसू आवरेना. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्याच तालुक्यात, आणि एप्रिल-मे आला की आमच्या पाड्यांवर टँकरची वाट बघायची. “पाइपातून प्लंबर कशाला, आधी पाणी येऊ दे,” एक जण म्हणाली.

आता भांडणाचं. या राक्षसाला राज्य तर हवंच, पण त्याहून राजकन्या हवी. तिचं त्याच्यावर प्रेम नाही, तिने कधी तसं दाखवलेलंही नाही. तो मात्र पियानोवर बसून तिच्यासाठी गाणं म्हणतो. ते गाणं इतकं गाजलं की त्याला गोल्डन ग्लोब पुरस्काराचं नामांकन मिळालं. लहान मुलं ते गुणगुणतात. पुढे तो फौज घेऊन तिच्या दारात येतो. ती नकार देते. तेव्हा तिच्या जिवाभावाच्या टोडला तिच्यासमोर यातना देतात, आणि ती लग्नाला तयार होते.

हा प्रसंग मी दोनदा बघितला. हसू येईना. आपल्या ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरला, १९९० साली परीक्षेच्या वर्गात घुसून दहावीच्या मुलीला जाळलं गेलं. २०२० साली हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. दोन्ही वेळा त्याला ‘एकतर्फी प्रेम’ म्हटलं गेलं. जणू प्रेमच होतं, फक्त एक बाजू कमी पडली. १९९३ च्या ‘डर’मध्ये मुलीचा पाठलाग करणाऱ्यालाच प्रेक्षकांची सहानुभूती मिळाली होती. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं. तेव्हा तो भारतीय दंडविधानाच्या ३५४ ड मध्ये आला, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कायदा बदलला, पण पडद्यावरचा ‘बिचारा प्रेमवीर’ काही गेला नाही. त्याला फक्त शिंगं आणि कवच आलं.

माझी एक मैत्रीण म्हणते, “अगं, सिनेमा त्याची टरच उडवतो आहे ना?” उडवतो, हे खरं. पण ज्याच्यावर आपण तासभर हसतो, त्याच्यावर आपला जीवही बसतो. “बिचारा, गाणं किती छान म्हणतो,” असं आमच्या गटातही एक जण म्हणालीच. राजकन्येला मात्र सिनेमाने एकही गाणं दिलेलं नाही.

पण त्याच मुलींनी मला उत्तरही दिलं. लग्नाच्या प्रसंगाशी फोन थांबवून मी विचारलं, “तिने ‘हो’ म्हटलं की नाही?” सगळ्या एकदम बोलू लागल्या. कुणी म्हणे म्हटलं, कुणी म्हणे नाही. शेवटी किन्हवलीकडची एक अबोल पोर म्हणाली, “तिने नाही म्हटलं, टोडसाठी म्हटलं. माझ्या ताईने पण बाबांसाठी म्हटलेलं.” त्यावर बराच वेळ कुणी फोन सुरू करा म्हणेना.

पुढे राजकन्या नवरीच्या फुलांच्या गुच्छात बर्फाचं जादूचं फूल लपवून नेते आणि भर मांडवात नवरदेवाला गोठवते. पोपटातला प्राण शोधणाऱ्या राजकन्येची ही खरी बहीण. मात्र शेवटचा मोठा घाव घालायची वेळ येते तेव्हा शक्तीचा तारा दोघा भावांच्याच हाती लागतो. नावातच ब्रदर्स आहेत म्हटल्यावर काय बोलणार!

सिनेमा दीड तासाचा आहे, एका बैठकीत होतो. किशोरी गटात दाखवणार असाल तर लग्नाशी थांबा. आणि शेवटी नावं पडायला लागली की लगेच बंद करू नका. हरलेला, इवलासा झालेला राक्षस पिंजऱ्यात बसून तिच्यासाठी तेच गाणं पुन्हा म्हणतो, ते तिथे आहे.