छप्पर आमचे, धूळ कोणाची?

सन २००१ चा मे महिना. मी तेव्हा साहाय्यक धर्मगुरू होतो. शाळेच्या जुन्या शेडवरील सिमेंटचे पत्रे पावसाळ्यापूर्वी उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले होते. कंत्राटदाराने तीन बिगारी पाठविले. गंजलेले बोल्ट सुटेनात, तेव्हा त्यांनी घणाने पत्रे फोडायला सुरुवात केली. पांढुरकी धूळ उडत होती. सुट्टीत मदतीला आलेल्या नववीच्या मुलांनी उघड्या हातांनी तुकडे गोळा केले आणि त्यांचा चुरा पटांगणातील खड्ड्यांत भरला. जे पत्रे शाबूत निघाले, ते टेम्पोत घालून आम्ही एका आदिवासी पाड्यावर नेऊन दिले. पुढल्या रविवारी मिस्सेनंतर मी स्वतः त्या दानाचा उल्लेख केला आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या.

त्या टाळ्या अलीकडे मला पुन्हा ऐकू येऊ लागल्या आहेत. आपल्या धर्मग्रामांतून चर्च, सभागृहे आणि शाळा यांच्या नूतनीकरणाची मोठी लाट आली आहे. जुनी छपरे उतरत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ती ज्या रीतीने उतरत आहेत, ती रीत २००१ सालची माझीच आहे. म्हणून हा लेख. यात कोणावर आरोप असलाच, तर पहिला आरोपी मी आहे.

ज्याला आपण नुसते ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात. ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, तोवर फारसे भय नसते. अखंड पत्र्याखाली बसून शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आजार होईल, असे सांगून मी कोणाची झोप उडवू इच्छित नाही. पण पत्रा उन्हापावसात झिजतो, त्याला भोके पाडली जातात, तो कापला वा फोडला जातो. तेव्हा डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तिथेच रुततात. त्यांतून फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो; फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा दुर्धर कर्करोगही होतो. आजार प्रकट व्हायला वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. माझी नववीची मुले आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. हिशेब वाचकांनीच करावा.

‘तेव्हा कोणाला ठाऊक होते?’ ही सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली. पण ती टिकत नाही. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले होते. त्यांतील अनेकांनी खाणीत कधी काम केलेले नव्हते. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिलेले होते. १९८७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉस हा माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, जपून ठेवण्याचा आदेश दिला. म्हणजे मी पत्रे फोडून घेतले, त्याच्या सहा वर्षे आधी देशाचे सर्वोच्च न्यायपीठ चाळीस वर्षांची भाषा बोलत होते. ठाऊक कोणालाच नव्हते असे नाही. ठाऊक करून घेण्याची आम्हांला गरज वाटली नव्हती.

आता नेहमीचे तीन आक्षेप पाहू.

पहिला : ‘पन्नास वर्षे हे छप्पर डोक्यावर आहे, कोणाला काय झाले?’ ज्या रोगाला तीस वर्षे लागतात, तो शाळेच्या हजेरीपटावर दिसत नाही. तोवर मुले पांगतात, बिगारी गाव सोडतात. खोकून खोकून गेलेल्या मजुराच्या मृत्यूचे कारण आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत कोण लिहितो? दफनाची तारीख तेवढी असते.

दुसरा : ‘सरकारने बंदी कुठे घातली आहे?’ सरसकट बंदी नाही, हे खरे. पण हा माल आला कोठून, तेही पाहा. कॅनडा अनेक वर्षे आपल्या देशाला ॲस्बेस्टॉस विकत होता आणि त्याच काळात स्वतःच्या इमारतींतून तो काढून टाकत होता. २०११ साली त्याच्या शेवटच्या खाणींतील काम थांबले आणि २०१८ साली त्याने बंदी घातली. युरोपीय संघाने २००५ पासून तो वर्ज्य केला. आपण आजही तो आयात करतो, मुख्यतः रशियाकडून. केरळच्या राज्य मानवी हक्क आयोगाने मात्र २००९ सालीच, शाळांवरील अशी छपरे टप्प्याटप्प्याने काढून कौले घालावीत, अशी शिफारस केली होती. आणि कायद्याने मनाई नाही, एवढ्याने एखादी गोष्ट आपल्या लेकरांसाठी योग्य ठरते, असे आपण इतर कोणत्या बाबतीत मानतो?

तिसरा : ‘फादर, पैसे कुठून आणायचे?’ या प्रश्नाला मी सौम्य उत्तर देऊ शकत नाही. फेस्ताच्या मंडपाला, रोषणाईला, बँडला आणि फटाक्यांना पैसे येतात. वेदीच्या संगमरवराला देणगीदार रांगेत उभे राहतात, कारण संगमरवरावर आईवडिलांचे नाव कोरता येते. काढून नेलेल्या पत्र्यावर कोणाचे नाव कोरणार? अडचण पैशांची नाही. या खर्चाला पाटी नाही, ही खरी अडचण आहे.

परंतु या तिन्ही आक्षेपांहून मला अधिक बोचते ते आपले दान. शाळेवरून काढलेले पत्रे पाड्यावर पोहोचविण्याची रीत आजही चालू आहे. त्यामागील दयाबुद्धीविषयी मला शंका नाही; पण तिचा अर्थ तरी लावून पाहू या. आपल्या मुलांच्या डोक्यावर जे नको, ते आदिवासी मुलांच्या डोक्यावर चालेल! झिजलेला पत्रा तिथे पुन्हा कापला जाणार, त्याला नवी भोके पडणार, आणि हे सारे चुलीशेजारी, तान्ह्या बाळाच्या देखत. श्रीमंत देशांनी आपल्याशी जे केले, तेच आपण पाड्याशी करतो आणि त्याला परोपकार म्हणतो. त्या बिगाऱ्यांचेही तसेच. नाकाला हातरुमाल बांधून ते आपली धूळ गिळतात, संध्याकाळी तेच कपडे घालून घरी जातात आणि तीच धूळ त्यांची बायको धुते. व्यवसायातील ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दर वर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या आकड्यात आपल्या छपरावर चढलेला माणूस धरला आहे की नाही, याची चौकशी आपण कधी करणार?

मग काय करावे? काम अवघड नाही, शिस्तीचे आहे. प्रथम धर्मग्रामातील प्रत्येक इमारतीवरील अशा पत्र्यांची नोंद करावी. जे सुस्थितीत आहेत त्यांना भोके पाडू नयेत, घासू नयेत, घाई करू नये. जे काढायचे ते मुले आवारात नसताना, नीट माहिती दिलेल्या माणसांकडून काढावेत. पत्रे आधी पाण्याने भिजवावेत. बोल्ट कापावेत, पत्रा फोडू नये. तो अखंड खाली उतरवावा. कामगारांना बारीक तंतू अडविणारे योग्य दर्जाचे मुखवटे आणि अंगभर कपडे द्यावेत, आणि ते कपडे त्यांच्या घरी जाऊ देऊ नयेत. कोरडा झाडू वापरू नये. जागा ओल्या फडक्याने पुसावी. काढलेला माल जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी आवरणात बांधून त्यावर ठळक अक्षरांत इशारा लिहावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारणा करून, घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच त्याची विल्हेवाट लावावी; असे केंद्र रायगड जिल्ह्यात तळोजा येथे आहे. खाडीच्या कडेला नाही, भंगारवाल्याकडे नाही, पाड्यावर तर नाहीच नाही.

हे धर्मगुरूचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल, तर त्याने लेवीय ग्रंथाचा चौदावा अध्याय उघडावा. घराच्या भिंतीला चट्टा पडला, तर घरमालकाने याजकाला कळवायचे. याजकाने आत जाण्याआधी घर रिकामे करायला सांगायचे, मग चट्टा पाहायचा, सात दिवस घर बंद ठेवायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून, भिंती खरवडून, सारा मलबा नगराबाहेर ठरलेल्या जागी टाकायचा. त्या प्राचीन विधीत आणि आजच्या सुरक्षानियमांत किती थोडे अंतर आहे! आणि अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कठड्याअभावी कोणी खाली पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. छपराचा आणि रक्ताचा संबंध शास्त्राने फार पूर्वी जोडून ठेवला आहे.

माझ्या हातून गेलेले पत्रे मला परत आणता येणार नाहीत. तो पाडा मी मागील वर्षी पुन्हा पाहिला. एका घरावर आमच्या शेडचा पत्रा अजून आहे. शाळेचा निळा रंग त्यावर पुसट दिसतो. घरच्या आजीने मला ओळखले, पाणी दिले आणि पत्र्याबद्दल पुन्हा आभार मानले. ते आभार मी कसे स्वीकारले, हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. तो पत्रा योग्य रीतीने उतरवून तिथे नवे छप्पर घालून देण्याचा खर्च मी माझ्या शिरावर घेतला आहे.

आपण आपल्या पुढील धर्मग्राम सभेत एवढेच विचारावे : आपल्या छपरांची नोंद आहे काय? ती कोण उतरविणार आणि त्या माणसाचे रक्षण कोण करणार? उतरलेला माल कुठे गेला, याच्या पावतीवर कोणाची सही असणार? शेवटच्या प्रश्नावर सभेत शांतता पसरली, तर प्रमुख धर्मगुरूने हात वर करावा. ती सही त्याची असली पाहिजे.