परक्याची ठेव

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रशांत महासागरावरील वर्चस्वासाठी अमेरिका आणि जपान यांच्यात स्पर्धा सुरू झाली होती. त्याच काळात हजारो जपानी कुटुंबे कॅलिफोर्नियात स्थिरावली. पडीक जमिनी लागवडीखाली आणून त्यांनी फळे व भाजीपाल्याच्या व्यापारात जम बसविला. त्यांची भरभराट पाहून स्थानिकांचा मत्सर वाढला. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत धाडण्याचा ठराव केला. जपानने तो राष्ट्राचा अपमान मानला. अखेर समझोता झाला. मुले आपल्या शाळेत परतली आणि जपानने मजुरांना अमेरिकेची पारपत्रे देणे थांबविले.

तरीही लोकमत निवळले नाही. १९१३ साली कॅलिफोर्नियाने नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जपानी व्यक्तीला आणि पुढच्याच वर्षी भारतीय व्यक्तीला नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९२४ च्या कायद्याने तर जपानी स्थलांतरितांसाठी दार जवळजवळ बंदच झाले. जपानमध्ये त्यामुळे तीव्र संताप उसळला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशान्वये जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत धाडण्यात आले. त्यांतील दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. आवराआवरीस थोडेच दिवस मिळाले. दुकाने, माल, घरसामान मातीमोल भावाने विकावे लागले.

सॅक्रामेंटोजवळच्या फ्लोरिन गावातील तीन शेतकरी कुटुंबांचे मळे मात्र वाचले. बॉब फ्लेचर या कृषी निरीक्षकाने सरकारी नोकरी सोडून त्यांच्या द्राक्षबागा सांभाळल्या. कर आणि कर्जाचे हप्ते भरून उरलेला सारा नफा त्यांनी घ्यावा, असे ठरले होते. त्यांनी निम्माच घेतला. मालकांच्या घरात न राहता ते मजुरांच्या खोलीत राहिले. शेजाऱ्यांनी त्यांची निर्भर्त्सना केली, एकदा गोळीही झाडली गेली. १९४५ मध्ये कुटुंबे परतली तेव्हा बागा उभ्या होत्या आणि नफ्याचा निम्मा वाटा बँकेत जमा होता.

१९८८ साली अमेरिकी सरकारने अधिकृत क्षमा मागून हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याची तरतूद केली. वंशद्वेष, युद्धोन्माद आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही त्या अन्यायाची कारणे म्हणून कायद्यातच नमूद झाली.

आज आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांतील मुले परदेशी पेढ्या उघडतात, तेथे घरे करतात. त्यांचे पारपत्र आणि परवाना सरकारांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असतो, आणि ते संबंध बिघडले की त्यांची खरी सुरक्षितता शेजाऱ्यांच्या सचोटीवर येऊन ठेपते. ती आपल्या मुलांना परमुलुखात लाभावी, असे आपल्याला मनोमन वाटते. मग आपल्या बाजारपेठेत आलेल्या परक्या माणसालाही ती लाभली पाहिजे. विशेषतः त्याच्या देशाशी आपले बिनसले असेल, तेव्हा.