एक पातं पुरे

मंडळी, आजचा विषय दाढी. ज्यांना ती येत नाही किंवा ज्यांनी ती राखली आहे, त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. मात्र घरात एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा मान खाजवत फिरत असेल तर जरूर वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. केस राठ आणि कातडी नाजूक अशी जोडी ज्याच्या वाट्याला आली आहे, त्याने तीन-तीन, पाच-पाच पात्यांच्या नादी लागू नये. दुधारी पात्याचा, धातूचा, साधा सेफ्टी रेझर घ्यावा. "जुनं ते सोनं" म्हणून मी हे सांगत नाहीये. जुन्या वस्तूंचा मला अजिबात उमाळा नाही. आमच्या घरातला रॉकेलचा स्टोव्ह गेला तेव्हा मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

कारण साधं आहे. एकामागे एक पाती बसवली की पहिलं पातं केसाला धरून किंचित वर ओढतं, आणि तो परत आत जायच्या आधी मागचं पातं त्याला कापतं. म्हणजे केसाचं टोक कातडीच्या खाली जातं. ज्याचे केस सरळ आणि मऊ, त्याची मजा आहे. गाल लोण्यासारखा होतो. पण राठ, वळणारा केस असा कापला गेला की त्याला धारदार टोक येतं आणि वाढताना तो बाहेर यायच्या ऐवजी कातडीतच घुसतो. शरीर त्याला काटा रुतल्यासारखं वागवतं. आधी लाल पुळी, मग पू, मग काळा डाग. शिवाय पाच पाती म्हणजे एका हातात पाच वेळा खरवडणं, ते वेगळंच. जिलेटने दोन पात्यांचा रेझर आणला १९७१ साली, तीन पात्यांचा १९९८ साली, पाच पात्यांचा २००६ साली. माणसाच्या गालात एवढ्या काळात काय बदल झाला म्हणाल तर काही नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. पोरगा एका हॉटेलात स्वागतकक्षात नोकरीला लागला. तिथे रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. सहा-सात महिन्यांत त्याच्या मानेची अशी अवस्था झाली की कॉलरला रक्ताचे ठिपके पडायला लागले. ताईने हळद झाली, कोरफड झाली, कुणीतरी सांगितलेला लेपही झाला. त्वचेच्या डॉक्टरांनी महिनाभर दाढीच करू नकोस म्हणून सांगितलं, आणि हॉटेलच्या साहेबांनी तसं चालणार नाही म्हणून सांगितलं. "मामा, मी नोकरी सोडतोय" असा त्याचा फोन आला. दाढीपायी नोकरी! डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तीन आठवड्यांची सवलत कशीबशी मिळाली. त्यानंतर पुन्हा दाढी सुरू करताना काय घ्यायचं, यावर आमचा दोघांचा बराच खल झाला.

त्यातून निघालेलं सार सांगतो. सेफ्टी रेझरमध्ये बघायची गोष्ट म्हणजे पातं आणि त्याखालची पट्टी यांच्यामधली फट, आणि पातं किती बाहेर डोकावतं ते. फट कमी असेल तर रेझर सौम्य, जास्त असेल तर जहाल. आता नाजूक कातडी म्हटल्यावर दुकानदार सगळ्यात सौम्य रेझर पुढे करतो. इथे गंमत आहे. राठ दाढीवर फार सौम्य रेझर फिरवला की एका हातात केस कापलेच जात नाहीत. मग माणूस त्याच जागी चार वेळा फिरवतो, वर दाबतो. कातडी सोलते ती त्या चार वेळांमुळे. उलट फार जहाल रेझर, उदाहरणार्थ जर्मनीच्या म्यूलेचा आर ४१, नवख्याच्या हातात देणं म्हणजे पोराला वस्तराच देणं. त्यामुळे मधला घ्यावा. मर्कुर ३४ सी किंवा म्यूलेचा आर ८९ हे सौम्य बाजूचे पण काम नीट करणारे. ज्याला अंदाज नाही त्याने मर्कुर प्रोग्रेस बघावा, त्यात खालची गुंडी फिरवून फट कमीजास्त करता येते. हे महाग वाटत असतील तर आपल्याकडे बनणारे पितळेचे, क्रोमचा मुलामा दिलेलेही चालतात. फक्त पातं घालून आवळल्यावर दोन्ही बाजूंना सारखं बाहेर येतं का आणि हलत नाही ना, ते बघून घ्या. पातं थरथरलं की राठ केसाला ते कापत नाही, ओढतं.

रेझरपेक्षा मी पात्याला जास्त महत्त्व देतो. दुधारी पात्याचं माप सगळ्या कंपन्यांचं एकच, त्यामुळे कुठलंही पातं कुठल्याही रेझरला बसतं. चार-पाच प्रकारची पाकिटं आणावीत आणि आपल्या गालाला विचारावं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की पात्याचं पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असूनही केस कापताना धारेचे बारीक टवके उडतात. म्हणजे पातं बोथट होतं ही आपली कल्पना नव्हे. राठ दाढीला तिसऱ्या-चौथ्या वेळी पातं बदलावं. महागाचं कार्ट्रिज असलं की माणूस अजून एक आठवडा, अजून एक आठवडा करत राहतो. एका कार्ट्रिजच्या पैशात पात्यांची दोन-तीन पाकिटं सहज येतात, म्हणून बदलताना जीव खालीवर होत नाही. खरा फायदा हाच, बाकी मूठ जड आहे, दिसायला छान आहे वगैरे शोभेचं.

हात कसा चालवायचा तेही सांगून ठेवतो. दाढी अंघोळीनंतर करावी, केस पाण्याने फुगून नरम पडतात. ब्रशने फेस नीट चढवावा. दाब मुळीच द्यायचा नाही, रेझरचं वजन पुरतं. आणि केसांची दिशा बोटांनी चाचपून बघायची, मानेवर ती अनेकदा आडवी असते. एक हात सुलटा, हवा तर दुसरा आडवा. सलूनमध्ये "उलटा मारू का साहेब?" असं विचारतात ना, मानेच्या बाबतीत त्याला ठाम नाही म्हणायचं. हाताला किंचित खरखर लागते, लागू दे. समोरच्या माणसाला ती दिसत नाही. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी ओल्या मानेवरून फिरवली की कुठे जास्त घासलं गेलं ते लगेच झोंबून कळतं.

भाच्याची मान दोनेक महिन्यांत शांत झाली. काळे डाग अजून आहेत, ते सावकाश जातील. नोकरी आहे.

एवढं सांगूनही बाबांची दाढी मी या रेझरने करत नाही. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि हनुवटीला हात लावला की मधेच काहीतरी बोलायला लागतात. त्यांची कातडी पातळ झालीये, पण केस मऊ आणि विरळ. तिथे फिरत्या डोक्याचं दोन पात्यांचं रेझरच बरं, तेही एकदाच, सुलटं. थोडे खुंट राहिले तर राहिले.

राहता राहिली वापरलेली पाती. ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. सोसायटीचा कचरा वेगळा करणाऱ्या बाईंचे हात त्यात जातात. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणात चीर पाडली की झालं, वर्षानुवर्षं पुरतो. आणि प्रवासाला जाताना पाती सामानाच्या मोठ्या बॅगेत टाका, विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या राठ दाढीला कुठलं पातं मानवतं ते कळवा. भाच्याची चाचणी अजून चालू आहे, पाचवं पाकीट कालच फोडलंय.