उरलेल्या गोळ्या

ऋण, अग्नि आणि रोग यांचा शेष राखूं नये, असें आपले वडील सांगत आले. त्यांत आतां चौथ्याची भर घातली पाहिजे: औषधाचाहि शेष घरांत राखूं नये.

थोरल्या जावेस मागें लघवीची जळजळ झाली होती. तेव्हांच्या चार गोळ्या फडताळांत असतात. पुढें धाकटीस तीच पीडा होते. संकोचामुळें ती कोणापाशीं बोलत नाहीं. सासूबाई "उन्हाळी लागली असेल" म्हणून त्यांतल्या दोन गोळ्या देतात. दुसरे दिवशीं बरें वाटतें, व गोष्ट विसरली जाते. हेतु मायेचा खरा. पण परिणाम पहावा.

या विकाराचें कारण बहुधा ई. कोलाय नांवाचा जंतु असतो. आंतड्यांत तो निमूटपणें नांदतो. मूत्रमार्गांत शिरला कीं पीडा देतो. अनुकूल स्थितींत तो २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे ७ तासांत एकाचे २० लाखांहून अधिक! एवढ्या संततींत औषधास न जुमानणारा एखादा निपजूं शकतो. अपुऱ्या औषधानें दुबळे मरतात, दांडगा तेवढा उरतो. आणि आपली विद्या तो परजातीच्या जंतूंसहि देतो.

हें नवें नव्हे. १९४० सालींच अब्राहम व चेन यांनीं याच जंतूंत पेनिसिलिनाचा नाश करणारें द्रव्य दाखविलें होतें. अपुऱ्या मात्रेचा धोका फ्लेमिंग यांनीं १९४५ च्या नोबेल व्याख्यानांत सांगितला. २००८ सालीं दिल्लींत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या मूत्रांत क्लेब्सिएला जातीचा जंतु सांपडला. कार्बापेनेम हीं राखीव औषधेंहि त्याजपुढें हतबल ठरलीं. त्यास तें बळ देणाऱ्या द्रव्याच्या नांवांत नवी दिल्लीचें नांव कायमचें गोंवलें गेलें.

म्हणून पाकिटावर तांबडी रेघ असलेलें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये. दुखणें वारंवार होत असल्यास औषधापूर्वीं लघवी तपासण्यास द्यावी. कोणतें औषध लागू पडेल हें दोन-तीन दिवसांत कळतें. सांगितलें तितकेच दिवस औषध घ्यावें. आपल्या मतानें कमी नाहीं, अधिक नाहीं. ताप, हुडहुडी वा बरगडीखालीं पाठींत कळ असेल, किंवा स्त्री गरोदर असेल, तर एक दिवसहि दवडूं नये.

आणि लेकीसुनांस हें दुखणें मोकळेपणीं सांगतां यावें, एवढा धीर त्यांना देणें हें घरांतील वडील माणसांचें काम आहे.